बोलावण्याचा दिवा

१

मंगळवार, दिनांक ६ फेब्रुवारी १९९६. सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. घरामागच्या गॅरेजमध्ये दिवे तीन होते आणि त्यांपैकी एकही लागलेला नव्हता. लोखंडी शिडी आडवी झाली होती. लेथच्या पायाशी घरधनी उताणा पडला होता. उजव्या हाताजवळ स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि डाव्या तळव्यावर, जिथे त्याने लेथची कड धरली असावी तिथे, एक काळपट रेघ उमटली होती.

तो खरादी होता. खाटेचे पाय, जिन्याचे कठडे, खुर्च्यांच्या दांड्या यांत त्याचा जन्म गेला होता. गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे लेथ, करवत आणि भुसा नांदत आले. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये फरसबंद अंगण होतं, आणि त्या अंगणाखालून वीज जात होती.

बायकोने पाहिलं, किंकाळी फोडली, शेजारी धावले. तिचा भाचा जवळच राहत असे आणि वायरमनचं काम करत असे. तो सर्वांत आधी पोहोचला आणि त्यानेच सगळं हाताळलं. पोलीस येईपर्यंत तासभर गेला. त्यांनी विचारण्याआधीच भाच्याने सांगून टाकलं : गॅरेजचा मेन स्विच चालू होता, आपण आल्यावर तो बंद केला, वायरिंग आपलं, ब्रेकर बिघडल्याचं आपल्याला ठाऊक होतं, बदलायचा राहून गेला. चूक आपली.

कबुली मिळाली की तपास हातपाय पसरून बसतो. इथेही बसला. वायरमनचा परवाना कायमचा रद्द का करू नये याची सुनावणी पुढच्या सोमवारी ठेवली गेली, आणि हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा त्याच्यामागे लागणार हेही उघड होतं.

खराद्याच्या जुन्या स्नेह्याच्या, निवृत्त विद्युत निरीक्षकांच्या दारात त्याची बायको उभी राहिली ती त्याआधीच्या शुक्रवारी. ती बसली नाही. पाणीही घेतलं नाही.

"भाऊजी, सगळे मला म्हणतात, धक्क्याने तुमची भूल झाली. मी वेडी नाही हो. मी आत गेले तेव्हा मेनची दांडी खालीच होती."

"नक्की, वहिनी?"

"दांडीवर ह्यांची टोपी लटकत होती."

निरीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचे गुडघे दुखत होते, झोप धड होत नव्हती, आणि निवृत्तीनंतर कुणाच्याही विजेत डोकं घालायचं नाही असा त्यांनी कानाला खडा लावला होता. पण ती टोपी त्यांच्या ओळखीची होती. मेन बंद केल्याशिवाय खरादी ती दांडीवर लटकवत नसे, आणि लटकवल्याशिवाय कशालाही हात लावत नसे.

म्हणजे मेन बंद होता. आणि भाचा खोटं बोलत होता, स्वतःच्याच विरुद्ध.

२

गॅरेजमध्ये भुशाचा वास तसाच होता. मेनच्या दांडीवर आता टोपी नव्हती. ती वहिनींनी घरात नेऊन ठेवली होती.

हे वायरिंग निरीक्षकांनीच आखून दिलं होतं, खराद्याच्या जेवणाच्या टेबलावर, ताटं बाजूला सारून. त्यांचा आग्रह एकच होता : घरापासून सुट्या इमारतीत वीज एकाच वाटेने न्यायची आणि एकाच दांडीने तोडायची. त्या दांडीनंतर आत काहीही जिवंत राहता कामा नये. खरादी हसून म्हणाला होता, "एका दाराचं घर. चोर आला तरी त्याच दाराने, पाहुणा आला तरी त्याच दाराने." मग भाच्याने केबल टाकली, पाइप पुरला, पेटी बसवली. दांडीच्या खालीच गळती पकडणारा ब्रेकर होता. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे निघाली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं तोडतो.

निरीक्षकांनी दांडी वर केली आणि ब्रेकरचं चाचणीचं बटण दाबलं. टप्पकन तो पडला. त्यांनी पुन्हा लावला. मग खिशातल्या तपासणीच्या दिव्याने जिवंत तार आणि अर्थिंग यांच्यात मुद्दाम थोडी गळती करून पाहिली. पुन्हा टप्पकन पडला. ब्रेकरवरची धूळ जुनी होती, त्याच्या स्क्रूंवरचा रंग अखंड होता. हा ब्रेकर कधी बिघडला नव्हता आणि कधी बदललाही नव्हता.

ते स्टुलावर टेकले. वय झाल्यापासून विचार करायचा तर त्यांना आधी बसावं लागे.

मेन बंद असेल, तर वीज त्या वाटेने आली नाही. मेन चालू असता, तर ब्रेकरने खराद्याला वाचवलं असतं. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं. ज्या विजेने तो मेला, ती या पेटीतून आलेली नव्हती.

फळीवर खराद्याची हत्यारं ओळीने होती. पटाशा धारेच्या क्रमाने लावलेल्या, सँडपेपर खरखरीतून मऊ होत जाणारा. शेजारी लाल चिकटपट्टीचा रोल होता आणि त्याचं मोकळं टोक बोटभर आतल्या बाजूला दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखाने शोधत बसावं लागू नये म्हणून. निरीक्षकांना त्याही स्थितीत बरं वाटलं. आयुष्यात इतकी पट्टी वापरूनही त्यांना हे सुचलं नव्हतं.

वर छताला एक दिवा, करवतीवर एक. आराखड्यात हे दोनच होते. तिसरा छोटा दिवा लेथच्या समोर, भिंतीवर उंच होता. त्याचं होल्डर अर्धवट उघडलेलं लोंबत होतं. त्यातून निघालेली वायर पेटीकडे गेली होती, आणि तिचा जोड इतका नवा होता की त्यावरची काळी पट्टी अजून चकाकत होती.

"वहिनी, हा दिवा कशाला?"

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तो माझा दिवा. यंत्रापुढे बसून बसून ह्यांच्या कानांचे पडदे गेले होते ना. हाका मारून माझा घसा बसायचा. मग ह्यांनीच एका रविवारी हा बसवला. चहा झाला की मी दोनदा लुकलुक करायची. लाव, बंद, लाव, बंद. की हे लेथ थांबवून यायचे. माणसाला जेवायला बोलवायची ही कुठली तऱ्हा, म्हणून जाऊबाई हसायच्या. आता लागत नाही तो."

"आणि त्याचं बटण कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात."

३

निरीक्षक अंगण ओलांडून आले, पण एरवीपेक्षा सावकाश.

स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी फिक्या पोपटी रंगाने रंगवलेला लाकडी बोर्ड होता. त्यावर दोन बटणं होती, आणि तिसऱ्याच्या जागी कोरी पांढरी झाकणपट्टी.

"हे काय?"

"ते बटण खराब झालं होतं म्हणे. भाच्याने काढलं."

"कधी?"

"त्याच दिवशी." वहिनींनी ओट्यावरचं पातेलं उचललं. "त्या गडबडीत त्याला बटण कसं सुचलं, देव जाणे."

त्या चहाचं पाणी ठेवायला वळल्या तेव्हा निरीक्षकांनी झाकणपट्टीचे दोन स्क्रू काढले. आत भिंतीत एक बारीक, दोन तारांची वायर मागे ढकललेली होती. दोन्ही टोकं नीट बंद केलेली, वायरमनच्या हाताने. ती कुठे जात असेल हे पाहायला अंगण खणायची गरज नव्हती. केबलच्याच पाइपातून खराद्याने ती ओढून नेली होती. एका दाराच्या घराला त्याने बायकोच्या हाकेसाठी दुसरं दार पाडलं होतं, आणि त्या दाराला गॅरेजची दांडी लागत नव्हती. घराच्या जुन्या बोर्डावर तर ब्रेकरही नव्हता.

झाकणपट्टी परत लावताना त्यांचा अंगठा बोर्डावर चिकटला. जिथे तिसरं बटण असायचं त्याच्या वर आणि खाली, बोटभर रुंदीचा चिकट डाग होता. धुळीने काळा न पडलेला, ताजा. आणि त्या डागाखालचा पोपटी रंग खपल्या निघाव्यात तसा उचकटला होता.

"भाऊजी, साखर किती?"

निरीक्षकांनी शेवटचा स्क्रू आवळला. त्यांना आता सगळा प्रकार समोर दिसत होता. खरादी शिडीवर उभा, गॅरेजचा मेन बंद, एक हात होल्डरमध्ये आणि दुसरा आधारासाठी लेथवर. आणि इथे, या खिडकीशी, एक बोट.

चहाची वेळ. लाव, बंद, लाव, बंद.

भाचा कुणाला पाठीशी घालत होता हे त्यांना कळलं. स्वतःचा परवाना, आपली भाकरी, कदाचित तुरुंगही तो का अंगावर घेत होता हेही कळलं. समोर चहा गाळणाऱ्या बाईला एक साधा प्रश्न विचारला की सुनावणीचा निकाल फिरणार होता. आणि तोच प्रश्न विचारला की ती बाई उरलेलं आयुष्य आपल्या उजव्या हाताकडे बघत काढणार होती.

"बिनसाखरेचा," ते म्हणाले, आणि प्रश्न न विचारताच चहा पिऊन उठले.

४

निरोप घेण्यापूर्वीच बाहेरच्या खोलीत खराद्याचा धाकटा भाऊ आला. तो एका वाहतूक कंपनीत हिशेब पाही आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला किंमत किती पडली हे विचारी. निरीक्षकांना बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"साहेब, तुम्ही कशाला त्रास घेतलात? पोराने कबूल केलंय. माणूस गेला तो गेला."

"वहिनींनी बोलावलं."

"वहिनीचं मन हळवं. भाच्यावर जीव आहे तिचा." त्याने चष्मा सरळ केला. डाव्या बाजूची दांडी मोडलेली होती आणि लाल पट्टीने बांधलेली होती. पट्टीचं शेपूट कानाशी उभं राहून त्याला टोचत असावं, कारण तो दर वाक्याला ते दाबत होता. "मी दादाला किती वेळा म्हटलं, हे भुताटकीचं गॅरेज वीक आता. गिऱ्हाईक दारात उभं आहे. पण नाही. मरेपर्यंत भुसा खाईन म्हणाला, आणि तसंच केलं."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"कामावर! आणखी कुठे? निरोप आला तसा धावत आलो. त्या धावपळीतच चष्मा मोडला बघा."

"नवा घ्या आता."

"चालतोय तोवर चालवायचा. आमच्या घरात टाकत नाही कुणी काही."

आतून वहिनींचा आवाज आला, "भावजी, तुम्हाला चहा टाकू का?"

"अर्धाच टाक. दूध कमी घाल, दूध महाग झालंय."

निरीक्षक कंटाळले. असली माणसं त्यांनी नोकरीभर सोसली होती. त्यांनी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले, आणि तिथे त्यांना उगीचच वाटलं की आपण घरात काहीतरी पाहिलं आणि पाहिल्याचं लक्षात घेतलं नाही. बराच वेळ त्यांनी आठवून पाहिलं. गुडघ्यापलीकडे काही आठवलं नाही.

५

भाचा दुसऱ्या दिवशी एका अर्धवट बांधलेल्या घरात सापडला. भिंतीत खाचा पाडत होता. निरीक्षकांना पाहताच त्याने छिन्नी खाली ठेवली आणि हात पँटला पुसले.

"साहेब, तुम्ही कशाला आलात? सोमवारी संपेल सगळं."

"स्वयंपाकघरातलं बटण तू काढलंस. दिव्याची वायर गॅरेजच्या पेटीला जोडलीस. वीज मेनमधूनच आली असं दिसावं म्हणून. काम चांगलं केलंस, फक्त जोड जुना करता आला नाही तुला."

भाचा सिमेंटच्या पोत्यावर बसला. निरीक्षक दुसऱ्या पोत्यावर बसले. गवंडी जेवायला गेले होते. घरात नुसता वारा फिरत होता.

"आत्याला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. पाया पडतो. माझं काय, मी कुणाच्या तरी हाताखाली हमाली करीन. पण तिला कळलं की तिनेच... साहेब, ती एका महिन्यात जाईल."

"तू तिला विचारलंस? तिने दाबलं का म्हणून?"

"कसं विचारणार? विचारलं म्हणजे सांगितलंच की!"

निरीक्षकांनी मान हलवली. तेही याच दगडाला ठेचकाळून आले होते. दोन शहाणे पुरुष एका बाईला एक प्रश्न विचारायला घाबरत होते.

"बरं, मला सांग. तू गेलास तेव्हा बटण कसं होतं?"

"खाली. म्हणजे चालू. मी आधी ते बंद केलं, मग काकांना हात लावला."

"खाली होतं? आठवून सांग."

"आठवून काय, साहेब! डोळ्यांपुढून जात नाही ते."

निरीक्षक उठून उभे राहिले. गुडघा कुरकुरला, त्यांनी लक्ष दिलं नाही.

"ऐक. तुझी आत्या कशी बोलावते? लाव, बंद, लाव, बंद. ती बोट नेते तेव्हा बटण वर असतं आणि बोट काढते तेव्हाही वरच असतं. वर्षानुवर्षांची सवय. तिचं बोलावणं संपलं की दिवा विझलेलाच राहिला पाहिजे. ज्याने बटण खाली सोडलं, त्याने ते एकदाच दाबलं आणि निघून गेला. ते चहाचं बोलावणं नव्हतंच."

भाच्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तरी त्याला विश्वास ठेवायचं धाडस होईना.

"पण मधेच काही आवाज ऐकून ती धावली असेल तर? पहिल्यांदा दाबल्याबरोबरच..."

"असेल. म्हणून तिला विचारायला हवं. पण आता विचारता येईल." निरीक्षकांनी खिशातून रुमाल काढून अंगठा पुसला, जणू डिंक अजून तिथेच होता. "आणखी एक. त्या बटणावर काहीतरी चिकटवलेलं होतं. काय?"

"लाल पट्टी." भाचा पटकन म्हणाला. "काकांचा नियम. ह्या दिव्याला मेनची दांडी लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून दिव्याचं काम असलं की आधी बटणावर लाल पट्टी. पट्टी दिसली की घरात कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी मात्र विसरले असतील. मी गेलो तेव्हा बटणावर पट्टी नव्हती."

"डिंक ताजा आहे, पोरा. पट्टी होती. कुणीतरी काढली."

६

ते दोघे घरी पोहोचले तेव्हा वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांच्या पुढ्यात खराद्याचे सदरे होते आणि त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नव्हतं.

"वहिनी," निरीक्षक समोर बसले, "त्या दिवशी तुम्ही त्यांना चहाला बोलावलंत का?"

भाच्याने तोंड फिरवलं.

"कशी बोलावणार?" वहिनींनी सदरा मांडीवर ठेवला. "चहाची पूड संपली होती. चारनंतर वाण्याकडे गेले होते मी. तिथे ही गर्दी. आले ती पुडा हातात घेऊनच मागे गेले, म्हटलं, सांगावं आज चहाला उशीर होईल. आणि बघते तर..."

"जाताना स्वयंपाकघरातलं बटण पाहिलंत?"

"पाहिलं ना. लाल पट्टी होती त्यावर. ह्यांनीच लावली माझ्यासमोर, म्हणाले, होल्डर बदलतोय, आज लुकलुक नको. म्हणून तर मी त्यांना न कळवताच वाण्याकडे गेले."

"आत्या!" भाचा किंचाळलाच. "हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?" वहिनी ताडकन म्हणाल्या. "पोलिसांनी विचारलं, मेनची दांडी कशी होती. ते सांगितलं तर म्हणे भूल झाली. तू तर त्या दिवसापासून माझ्याकडे बघतही नाहीस. वाढलं की ताटात बघून जेवतोस." एवढं बोलून त्या थबकल्या. त्यांची नजर दारातून स्वयंपाकघराकडे, कोऱ्या झाकणपट्टीकडे गेली, आणि परत भाच्याकडे आली. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही.

"तुला वाटलं, मी?"

भाचा सदऱ्यांच्या घड्यांकडे बघत राहिला.

"आणि म्हणून तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस? तोंड शिवलं होतं का रे तुझं, मेल्या? एकदा विचारायला काय झालं होतं!" असं म्हणत त्यांनी हातातला सदरा त्याच्या पाठीत मारला, मग पुन्हा मारला, आणि मग तोच सदरा डोळ्यांना लावला.

निरीक्षक खिडकीबाहेर बघत राहिले. मागचं दार दिवसभर उघडंच असतं. वहिनी बाहेर, खरादी गॅरेजमध्ये, त्याला कान नाहीत. आत आलेल्या माणसाला नियम ठाऊक होता की नव्हता? अनोळखी माणूस लाल पट्टी उपटून बटण कशाला दाबेल? आणि दाबलं तरी ती पट्टी गेली कुठे? बोर्डावर नाही, ओट्यावर नाही. भाच्याला दिसली नाही, वहिनींना केर काढताना सापडली नाही. काढणाऱ्याने ती नेली. चिकटपट्टीचा बोटभर तुकडा कोण नेतं?

जो काहीच टाकत नाही, तो.

फाटकाशी जे आठवलं नव्हतं ते आता स्वच्छ आठवलं. कानाशी उभं राहिलेलं शेपूट. ते सुटलेलं टोक नव्हतंच. ते दुमडलेलं टोक होतं.

"वहिनी," निरीक्षक थकलेल्या आवाजात म्हणाले, "भावजींना बोलावून घ्या. आणि मला एक कोरा कागद द्या."

७

धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी आला तो कुरकुरतच. रविवार होता, आणि रविवारी बाहेर पडलं की बसचे पैसे उगीच जातात असं त्याचं मत होतं.

"बसा," निरीक्षक म्हणाले. "चष्मा द्या इकडे. नीट बांधून देतो. कानाला टोचतोय तुमच्या."

"राहू द्या हो."

"द्या. फुकट आहे."

त्याने दिला. निरीक्षकांनी दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि एका ओढीत पट्टी सोडवली. टोक त्याचसाठी दुमडलेलं असतं. मग ती चिकट बाजू वर करून त्यांनी कागदावर ठेवली. लाल पट्टीच्या डिंकात, दोन्ही टोकांकडे, फिक्या पोपटी रंगाच्या खपल्या अडकल्या होत्या.

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे भिंतीवर त्याच पोपटी रंगाचा बोर्ड होता.

"चष्म्याच्या दांडीला पोपटी रंग नसतो," निरीक्षक म्हणाले. "ही पट्टी आधी त्या बोर्डावर होती. चारनंतर लावलेली वहिनींनी पाहिली. पाचनंतर नव्हती. तुम्ही तर कामावर होतात."

चष्म्याविना धाकट्याचा चेहरा भावासारखा दिसत होता. त्याने डोळे बारीक करून कागदाकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"मी मारलं नाही त्याला."

"मग काय केलंत?"

"बोलायला आलो होतो. गिऱ्हाईक दुसरी जागा बघणार होतं, त्या दिवशी शेवटचं विचारायचं ठरवलं. आत आलो तर वहिनी नाही. म्हटलं दिवा लावून बोलवावं दादाला. तर बटणावर ही पट्टी." त्याने कागदावरच्या पट्टीकडे बोट केलं. "लहानपणापासून तेच. पतंगाला हात लावू नको, सायकलीला हात लावू नको, हत्यारांना हात लावू नको. वडलांचं घर दोघांचं, आणि कशाला हात लावायचा ते ठरवणार तो. डोकं फिरलं माझं. उपटली पट्टी, दाबलं बटण. म्हटलं, ये आता बाहेर. वाट पाहिली. आला नाही. मला वाटलं, दिवा बघूनही येत नाही, मुद्दाम येत नाही. तसाच निघून गेलो."

"दिव्यात बल्बच नव्हता, भावजी," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "ते होल्डर बदलत होते."

"मला काय माहीत!"

"पट्टीचा अर्थ माहीत होता," निरीक्षक म्हणाले. "या घरात तो सगळ्यांना माहीत होता."

धाकट्याचा हात सवयीने कानाशी गेला, पण तिथे आता पट्टी नव्हती.

"आणि नंतर? निरोप आल्यावर कळलं असेलच. पोर कबुली देऊन मोकळं झालं तेव्हा तरी बोलायचं."

"तो स्वतःहून बोलला. मी कुठे सांगितलं त्याला?" धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पट्टी खिशाला आतून चिकटली होती. त्या संध्याकाळी चष्मा मोडला, हाताला तीच लागली. कशाची आहे हे ध्यानात आलं तेव्हा बांधून झाली होती. मग सोडवायची भीती वाटायला लागली. रोज कानाला टोचायची, साहेब. रोज."

भाचा दोन पावलं पुढे आला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. वहिनींनी नुसता हात आडवा धरला आणि तो थांबला.

निरीक्षकांनी कागदाची घडी केली. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. या माणसाच्या मनात त्या क्षणी काय होतं, हे मोजायचं यंत्र त्यांच्याकडे कधीच नव्हतं. ते न्यायाधीशाने बघावं. त्यांना एवढंच सांगता येत होतं की वीज कुठून आली आणि कुणाच्या बोटाने आली.

"चला," ते उठत म्हणाले. "पोलीस ठाणं लांब आहे आणि माझे गुडघे तुमच्यापेक्षा जुने आहेत."

निघताना वहिनींनी मोडका चष्मा उचलला, शिलाईच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन दांडी घट्ट बांधली, आणि दिराच्या हातात दिला. त्याच्याकडे न बघता.

८

सोमवारच्या सुनावणीत निरीक्षक उभे राहून बोलले. पाणी दोनदा प्यायले. पुराव्यात ढवळाढवळ केल्याबद्दल भाच्याचा परवाना काही महिन्यांसाठी स्थगित झाला, रद्द झाला नाही. हलगर्जीपणाचा गुन्हा त्याच्यावरून उठला. धाकट्याचा खटला पुढे बराच काळ चालणार होता. गॅरेज विकण्याचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

परवाना हातात आला त्या दिवशी भाचा निरीक्षकांना घेऊन गॅरेजमध्ये गेला. गेले काही महिने तो तिथे लेथ शिकत होता. खाटेचे पहिले दोन पाय वाकडे निघाले होते आणि ते वहिनींनी कपाटावर ठेवले होते.

"आत्या म्हणते, हाक मारून माझा घसा बसतो. दिवा परत लाव."

"लाव की. पण नीट."

भाच्याने पाइपातून ती बारीक वायर ओढून काढली. तिच्या जागी नवी वायर गेली, ती गॅरेजच्या पेटीतून निघून, स्वयंपाकघरातल्या बटणाला शिवून, पुन्हा गॅरेजमध्ये परतणारी. निरीक्षक स्टुलावर बसून बघत होते. दिवसभराचं काम झालं. मग भाच्याने मेनची दांडी खाली केली, खुंटीवरची जुनी टोपी काढून तिच्यावर लटकवली आणि अंगणापलीकडे ओरडला, "आत्या, दाब!"

स्वयंपाकघरातून बटणाचा आवाज आला. दिवा लागला नाही. निरीक्षकांनी शिडी धरली. भाच्याने होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर अंधारा राहिला. मग टोपी काढून दांडी वर केली, आणि दिवा दोनदा लुकलुकला. चहा झाला होता.

निरीक्षकांनी जुना आराखडा टेबलावर पसरला, तिसरा दिवा त्यात काढला, आणि खाली कोपऱ्यात, जिथे तपासणीचा निष्कर्ष लिहायचा असतो, तिथे लिहिलं :

गॅरेजमध्ये वीज येण्याच्या वाटा — १.